जोहोरच्या रस्त्यावर मी काय ओरडले

सिद्धार्थ, आज सकाळी तुझ्या आईने माझ्या कानाखाली मारली. डावा गाल अजून गरम आहे आणि कानात बारीक शिट्टी वाजते आहे. काकूंचा हात एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. तूही कधी बोलला नव्हतास. मारून झाल्यावर त्या तुझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि तुझे टी-शर्ट पुन्हा घडी घालायला लागल्या, आधी घातलेल्या घड्या मोडून. त्यांनी मला का मारलं ते तुला सांगायला हवं. ज्या गोष्टीसाठी मारलं ती फक्त आपल्या दोघांना ठाऊक होती, आणि त्यातला तू दोन रविवारांपूर्वी गेलास.

हे मराठीत लिहिते आहे, आणि तुला देवनागरी वाचता येत नव्हतं. न्यू जर्सीत जन्मलास, वाढलास, मराठी शिकलास ती स्वयंपाकघरात आईच्या तोंडून. म्हणून सत्तावीस वर्षांचा एवढा दांडगा माणूस ‘मी येते हं’ म्हणायचास आणि आपला मित्र केदार हसून लोळायचा. तू असतास तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तू मध्येच म्हणाला असतास, "स्किप कर, मारामारीवर ये." येते. तुझ्याबद्दल मारामारीशिवाय सांगण्यासारखं आहेच काय.

आपली ओळखच मारामारीत झाली. बुओना व्हिस्टाला आपल्या ऑफिसांमागचं हॉकर सेंटर, दुपारची जेवणाची गर्दी, बसायला जागा नाही. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं. सिंगापुरात टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा धरली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू पाकीट उचललंस, त्यातला एक टिश्यू काढून घाम पुसलास आणि बसलास. पाकिटाचा मालक सूपचा वाडगा घेऊन आला. "एक्स्क्यूज मी, धिस वन माय टेबल, लाह." तू टेबलाखाली वाकून पाहिलंस आणि त्याचं नाव कुठे दिसत नाही म्हणालास. त्याने तुझा खांदा धरून ओढला, गरम सूप तुझ्या मांडीवर सांडलं, आणि तू उठून त्याच्या तोंडावर ठोसा मारलास. हाडाचा आवाज आला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताची रेघ गळ्यापासून पोटापर्यंत उतरली.

मी शेजारच्या टेबलावर भात खात होते. उठले, मागून तुझा शर्ट धरला आणि सवयीने मराठीत म्हणाले, "जाऊ दे ना बाबा, जाऊ दे." तू मान वळवलीस. चेहरा लाल, पँटवर नूडल्स लोंबताहेत, आणि विचारतोस काय, "तू मराठी आहे?" त्या बिचाऱ्याची मी हात जोडून माफी मागितली, त्याला बर्फ आणून दिला. त्याने पोलिसांना बोलावलं नाही. तुला ते नशीब वाटलं नाही, हक्क वाटला. तुला या देशात येऊन चार दिवस झाले होते. मला चार वर्षं झाली होती आणि मी अजून रस्ता ओलांडताना सुद्धा माझा एम्प्लॉयमेंट पास, नोकरीचा परवाना, खिशात आहे ना ते चाचपत होते.

तुझं नाव सिद्धार्थ, हे कळल्यावर मला हसू आलं. घरच्यांनी नाव सिद्धार्थ ठेवलं आणि मूठ उघडायला काही शिकवलं नाही. मी सुजाता, पिंपरीची, एवढं सांगितलं. तू क्षणभर विचार केलास आणि अमेरिकन उच्चारात जपून म्हणालास, "जयभीम." त्या इमारतींच्या जंगलात चार वर्षांत मला कुणी जयभीम घातला नव्हता. माझा राग तिथेच उतरला. तुझी मूठ मात्र अजून वळलेलीच होती.

मग वीकेंड सुरू झाले. तुझे कॉलेजचे मित्र युरोपात नोकऱ्या करत होते आणि दर सोमवारी नव्या देशाचे फोटो पाठवत होते. तुला ते सहन होईना. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे शंभर वीकेंड, आणि चारी बाजूंना बस, बोट, विमान. मरीन परेडच्या तुझ्या फ्लॅटमध्ये भिंतीवर नकाशा लागला. तुझा फ्लॅटमेट केदार, बँकेत हिशेब तपासणारा ठाण्याचा मुलगा, तोही गळाला लागला. शुक्रवारी पाच वाजले की आपण तिघं पाठीवर सॅक टाकून निघालेले असायचो. बाताम, मलाक्का, तियोमान, क्राबी. मी आयुष्यात आईबाबांशिवाय लोणावळ्यालाही गेले नव्हते. समुद्रात गळ्यापर्यंत मी पहिल्यांदा गेले ती तुझ्यामुळे, हे आज कबूल करते.

आणि जाऊ तिथे तू कुणाच्या तरी अंगावर जायचास. बातामच्या धक्क्यावर सामान ओढणाऱ्या दोघांशी तुझी जुंपली, त्यातल्या एकाने तुझ्या बरगडीत लाथ घातली आणि तू त्याला पाण्यात ढकललास. बँकॉकला टॅक्सीवाल्याने केदारला शिवी दिली, तर तू टॅक्सीचा आरसा उपटून त्याच्याच हातात ठेवलास. शिवी कोणत्या भाषेत होती, तुला कळली कशी, देव जाणे. प्रत्येक वेळी मी मागून तुझा शर्ट धरायची आणि म्हणायची, जाऊ दे. तुझ्या सगळ्या शर्टांच्या पाठी ताणलेल्या होत्या. काकूंनी परवा एक उचलून धरला आणि विचारलं, "हे असं कशानं झालं गं?" मी म्हटलं, वॉशिंग मशीन.

माझ्या खांद्याला ती हिरवी पिशवी असायची. तू तिला ट्रंक म्हणायचास. माझा नियम होता, प्रवासात सगळ्यांचे पासपोर्ट एकाच पिशवीत आणि पिशवी माझ्याकडे. आमच्या घरी असंच असतं. सगळ्यांचे कागद एका जागी, घरातल्या सर्वांत सावध माणसाच्या हातात. चेनला वरून सेफ्टी पिन. पासपोर्टांखाली माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती. तियोमानच्या बेटावर तू त्या पाहिल्यास. "सुजाता, तू बीचवर कास्ट सर्टिफिकेट घेऊन आली?" तू वाळूत गडाबडा लोळलास. मी हसले नाही.

त्या दुपारी मी तुला बाबांची गोष्ट सांगितली. मी जन्मायच्या आधीची, आमच्या गावातली. भरदुपारी वस्तीवर माणसं चालून आली, कुऱ्हाडी आणि रॉकेलचे डबे घेऊन. आजोबांच्या पायावर कुऱ्हाडीचा दांडा घातला, गुडघा उलटा वळला. घरं पेटवली. सगळे शेताकडे पळत होते आणि माझे बाबा उलटे फिरून जळत्या घरात शिरले, ते पत्र्याच्या ट्रंकेसाठी. त्यात त्यांच्या मार्कशिटा, दाखले, नोकरीचा अर्ज होता. ट्रंक तापून लाल झाली होती. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, दोन बोटं एकमेकांना चिकटली ती कायमची. त्याच हातात खडू धरून त्यांनी पिंपरीच्या शाळेत तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ते कागद वाचले म्हणून नोकरी लागली, नोकरी लागली म्हणून मी शिकले. आमच्याकडे ही गोष्ट दर वर्षी सांगतात आणि शेवटी सगळे बाबांच्या हाताकडे बघतात.

तू ऐकलंस आणि म्हणालास, "त्यांनी कागदांच्या मागे जायला नको होतं. रॉकेलवाल्या माणसांच्या मागे जायला पाहिजे होतं."

माझ्या हाताशी नारळाची करवंटी होती. ती मी तुझ्या तोंडावर फेकून मारली. नेम धरला नव्हता, पण लागली. डावी भुवई फाटली, डोळ्यात रक्त आलं. बोटीवाल्याने चिकटपट्टी लावली आणि तू एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिलास, चक्क खूश होऊन. "सी? तुला पण मारता येतं." त्या भुवईवरच्या खुणेबद्दल तू घरी सर्फिंगची थाप मारली होतीस. काकूंना तेही मी आज सांगितलं. मारणं झाल्यावर सांगितलं, त्यामुळे त्याचं वेगळं काही मिळालं नाही.

मग तू तुझ्या बाबांच्या पाठीबद्दल बोललास. त्यांच्या पाठीवर जुने वण होते, ओळीने. लहानपणी तू विचारलंस तर ऑपरेशन म्हणाले. तू पंधरा वर्षांचा असताना भारतातून आलेल्या एका नातेवाइकाने खरं सांगितलं. तुझे बाबा बारा वर्षांचे होते, मामाची सायकल चालवत गावातल्या बड्या घरासमोरून गेले, खाली उतरले नाहीत. चौघांनी धरलं आणि सायकलचीच चेन काढून मारलं. त्यांनी परतून हात उचलला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, पुढे अमेरिकेत जाऊन इंजिनियर झाले आणि उकाड्यातही बनियन काढलं नाही. दुसऱ्याच दिवशी तू शाळेत तुला काहीतरी म्हणणाऱ्या मुलाचा जबडा फोडलास. घरी आलास तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. बर्फ आणला आणि तुझा हात धरून शेकत बसले. त्यानंतरही प्रत्येक मारामारीनंतर तेच. रागावले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. "मला अजून कळत नाही त्यांना काय वाटतं," तू म्हणालास. तुझा आवाज तेवढ्यापुरता लहान मुलाचा झाला होता.

आपला वाद तिथून कधी संपला नाही. तुझं म्हणणं, सहन करणारा माणूस मार पुढच्या पिढीला देतो. माझं म्हणणं, हात उचलणं तुला परवडतं कारण तुझा अमेरिकन पासपोर्ट तुला सोडवतो. माझ्यासारखीने एक ठोसा मारला की पास रद्द, विमानात बसवून परत, आणि बाबांची दोन बोटं फुकट. मी तुला माजलेला म्हणायची. तू मला भित्री म्हणायचास. दोन्ही खरं होतं.

मलाक्क्याला तर हद्द झाली. नदीकाठी आपण सरबत पीत होतो, कॉलेजांच्या गप्पा निघाल्या आणि केदार सहज म्हणाला, "सुजाताला काय, सीट ठेवलेलीच असते." तू विचारलंस, म्हणजे काय. मी सपाट आवाजात समजावून सांगितलं, हे काय असतं, हे लोक कसं बोलतात, मी कॉलेजपासून किती वेळा ऐकलंय. सांगताना मला काही वाटलंही नाही. तू नीट ऐकून घेतलंस, ग्लास बाजूला ठेवलास आणि केदारच्या तोंडात मारलीस. त्याचा पुढचा दात त्याच्याच लिंबू सरबतात पडला. खुर्ची मोडली, तू त्याच्या छातीवर बसलास, आणखी दोन मारल्यास. मी शर्ट ओढत होते, जाऊ दे, जाऊ दे. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्यावर उलटलास.

"तू नेहमी जाऊ दे म्हणते. एकदा तरी म्हण ना, सोडू नको म्हणून. बस, एकदा."

केदार तीन आठवडे बोलला नाही. मग खोटा दात बसवून आला, मला म्हणाला, "चुकलं माझं. घरी असंच बोलतात, कधी विचार केला नव्हता." तुला काही म्हणाला नाही. तू त्याला ईस्ट कोस्टच्या पाण्यात पोहायला शिकवायला लागलास. पुरुषांचं मला समजत नाही, पण नंतर तुमच्या दोघांइतकं कुणाचं जमत नव्हतं.

आता तो रविवार. पूल ओलांडून मलेशियात जोहोरला गेलो ते फक्त नूडल्स खायला, संध्याकाळपर्यंत परत यायचं होतं. माझा खांदा दुखत होता म्हणून तू म्हणालास, "ट्रंक माझ्याकडे दे." दोन वर्षांत मी ती पहिल्यांदा दुसऱ्याच्या खांद्यावर दिली. दुपारचा एक वाजला होता. केदार कानात गाणी घालून बराच पुढे चालला होता. आपण चेकपॉइंटच्या बससाठी रस्त्याच्या कडेने निघालो, कडेला काँक्रीटचं खोल गटार. मागून मोटरसायकल आली, तिच्यावर दोघं. मागच्याने पिशवीचा पट्टा पकडला. पट्टा तुझ्या खांद्यावरून निसटला आणि तू तो दोन्ही हातांनी धरलास.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगितलं आहे. पुढचं कुणाला सांगितलं नव्हतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मोटरसायकल वेग घेत होती, तू धावत होतास, पण मान वळवून तू माझ्याकडे पाहिलंस. तुझा चेहरा रागाचा नव्हता. तुझा राग मी पन्नासदा पाहिलेला आहे, मला तो ओळखता येतो. तू विचारत होतास. आणि मी, जिने दोन वर्षं जाऊ देचा जप केला, जीव खाऊन ओरडले, "सोडू नकोस! माझे कागद आहेत, सोडू नकोस!"

तू हो म्हणून मान हलवलीस.

ते तुला ओढत घेऊन गेले. तुझे पाय सुटले, गुडघे डांबरावर घासत गेले, तरी हात सुटले नाहीत. मागच्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि तुझ्या तोंडावर मारलं. एकदा, दोनदा, मी तीन मोजले. मग पट्टा त्यांच्या बाजूने तुटला आणि तुझं डोकं गटाराच्या कडेवर आपटलं. तो आवाज मी इथे लिहिणार नाही. मी पोचले तेव्हा तू पालथा होतास, पिशवी छातीखाली. मी तुला उलटं केलं. बोटं सोडवता येत नव्हती. अँब्युलन्समधल्या माणसाने ती एकेक करून सोडवली, आणि हॉस्पिटल यायच्या आधीच तू गेलास.

पोलिसांनी विचारलं, तुम्ही काय ओरडलात. मी म्हटलं, नुसती किंचाळले. मराठी समजणारं तिथे कुणी नव्हतं. केदारने रडत रडत जबाब दिला की हा असाच होता, कुणाला सोडायचाच नाही, फार तापट. मी शेजारी बसून ऐकलं आणि गप्प राहिले. परतताना चेकपॉइंटवर माझ्या पासपोर्टच्या कोपऱ्यावरचा तपकिरी डाग बघून अधिकाऱ्याने विचारलं, पाणी सांडलं का. मी मान हलवली. त्याने शिक्का मारला.

गेल्या मंगळवारी मी वकिलातीत जाऊन चौकशी केली, पासपोर्ट हरवला तर काय करावं लागतं. खिडकीतल्या बाईंनी एक फॉर्म सरकवला. हा भरायचा, पोलिसांत तक्रार, फोटो, काही दिवसांत नवा मिळतो. "हरवलाय का तुमचा?" मी नाही म्हटलं. तो फॉर्म माझ्याकडे आहे. एकच पान आहे.

काल बुकित पंजांगला एका घरी तुझं पुण्यानुमोदन झालं. बुद्धवंदना झाली, मग तुझ्या आठवणीत एकेक जण बोलला. मनाने सोनं पण डोकं गरम. रागाने घात केला. पिशवीच तर होती, सोडायची. लहान मुलांना समजावून सांगितलं गेलं की राग आवरला नाही तर असं होतं. तुझा फोटो समोर, भुवईवर माझी खूण, आणि मी हात जोडून बसलेली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं की मला बोलता येणार नाही. लोकांना वाटलं दुःखाने.

आज सकाळी काकूंना मदत करायला मरीन परेडला आले. केदारने त्यांच्यासाठी घर मोकळं करून दिलंय. त्या कपाट आवरता आवरता बोलत होत्या. तुझे बाबा आलेच नाहीत, डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. जेवत नाहीत. बनियन काढून आरशासमोर पाठ करून उभे राहतात. "म्हणतात, माझी पाठ बघून पोरगं असं झालं. त्याचा राग मीच पेरला, बर्फ लावून लावून वाढवला. मीच मारला त्याला. दिवसातून दहा वेळा हेच. मी तरी काय सांगू गं त्यांना?"

मी हातातला शर्ट खाली ठेवला. म्हटलं, "काकू, तो रागाने गेला नाही." आणि मग सगळं सांगितलं, तुझं वळून बघणं, माझं ओरडणं, तुझी मान. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं. विचारलं, "त्याला ऐकू गेलं होतं? नक्की?" मी हो म्हटलं, आणि त्यांनी मारली. मला बरं वाटलं. चौदा दिवस मी कुणीतरी मारण्याची वाट बघत होते.

तीन-चार टी-शर्ट झाल्यावर त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "त्यांच्याकडे संध्याकाळ आहे. उचलतील. तूच सांग."

"जयभीम, बेटा," काका म्हणाले. आवाज अगदी तुझा, फक्त थकलेला. मी सांगितलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"कसले कागद होते?" त्यांनी विचारलं.

मी एकेक मोजून सांगितले. पासपोर्ट. एम्प्लॉयमेंट पास. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला, साक्षांकित.

"सगळे शाबूत आहेत?"

"हो, काका. एका कोपऱ्यावर डाग आहे फक्त."

"मग बरोबर धरलं पोरानं," ते म्हणाले. "चांगलं धरलं." आणि मोठ्याने रडायला लागले. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. दुसऱ्या हाताने माझं मनगट पकडलं होतं, ते फोन संपेपर्यंत सोडलं नाही.

मला ते पटलेलं नाही, सिद्धार्थ. एका पानाच्या फॉर्मसाठी धरलंस, आणि ओरडणारी मी होते. हा वाद मी तुझ्याशी, तुझ्या बाबांशी आणि माझ्या बाबांच्या दोन बोटांशी मरेपर्यंत घालणार आहे. पण बारा वर्षं तुझा हात बर्फाने शेकताना तुझे बाबा जे बोलले नाहीत ते आज बोलले, आणि ऐकायला मी होते. ते बोलणं तुझं होतं, तुला सांगितलं.